चार वर्षांचा तक्ता : अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाची प्रशासकीय कुळकथा

धाकट्या बहिणीचे ई-पत्र आले की त्यासोबत बहुधा छायाचित्रे असतात. या वेळी एक तक्ता होता. नववी ते बारावी असे चार उभे रकाने होते. आडव्या ओळींत इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, परभाषा, कला आणि सर्वांत शेवटी ‘उपक्रम’. बहीण कॅलिफोर्नियात राहते आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, येत्या ऑगस्टमध्ये नववीत जाईल. “दादा, तू जन्मभर योजना आणि तक्तेच केलेस. हा एकदा नजरेखालून घाल,” असे तिने लिहिले होते. उपक्रमांच्या ओळीत दोन नोंदींपुढे प्रश्नचिन्ह होते : सहा वर्षे चालू असलेला तबला आणि रविवारची मराठी शाळा. ‘याचा अर्जात उपयोग किती?’ असा त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ.

शासकीय सेवेत एक सवय जडते. कोणताही विहित नमुना हाती आला की तो भरण्यापूर्वी, हा कोणी, केव्हा आणि कशासाठी तयार केला, हे पाहावेसे वाटते. नमुन्यातील प्रत्येक रकान्यामागे कोणाची तरी गरज असते. ती गरज संपली तरी रकाना राहतो. बहिणीच्या तक्त्यातील रकान्यांचा असा माग काढता काढता जो इतिहास हाती आला, तो घरापासून दूर राहणाऱ्या आणि कदाचित याच तक्त्यापुढे बसलेल्या वाचकांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेतील प्रत्येक नामांकित महाविद्यालय आपली प्रवेशपरीक्षा स्वतः घेत असे. लॅटिन, ग्रीक आणि गणित हे तिचे प्रमुख विषय. परंतु कोणता ग्रंथ, किती भाग, हे प्रत्येक ठिकाणी निराळे. एकाच वर्गातील तीन मुलांना तीन महाविद्यालयांत जायचे असेल, तर शिक्षकाने तीन प्रकारची तयारी करून घ्यावी, अशी स्थिती होती. मिशिगन विद्यापीठाने १८७० च्या दशकाच्या आरंभी निराळी वाट काढली : विद्यापीठाने शाळेची तपासणी करावी, शाळा योग्य वाटल्यास तिला मान्यता द्यावी आणि त्या शाळेच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यास परीक्षेशिवाय प्रवेश द्यावा. प्रशासनाच्या भाषेत सांगायचे तर पूर्वेकडच्या महाविद्यालयांनी व्यक्तीची तपासणी केली, मिशिगनने संस्थेची. हे दोन मार्ग आजही अमेरिकेत एकत्र नांदतात.

या गोंधळात सुसूत्रता आणण्यासाठी १८९२ मध्ये तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा जणांची समिती नेमली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट तिचे प्रमुख होते. समितीचा निष्कर्ष आजही वाचण्याजोगा आहे : माध्यमिक शाळेतील प्रत्येक विषय सर्व विद्यार्थ्यांना सारख्याच रीतीने शिकवावा, मग तो विद्यार्थी पुढे महाविद्यालयात जाणार असो वा नसो. १९०० मध्ये महाविद्यालय प्रवेश परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९०१ च्या जूनमध्ये त्याची पहिली सामाईक परीक्षा झाली. परीक्षार्थी हजाराच्या आतच होते. आज ज्याला ‘कॉलेज बोर्ड’ म्हणतात, ते हेच मंडळ.

यानंतरचा टप्पा प्रशासकास विशेष रंजक वाटावा असा आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. निधी वाटायचा तर ‘महाविद्यालय’ कशाला म्हणावे, याची व्याख्या हवी. कारण त्या काळी अनेक संस्था नावाने महाविद्यालय आणि प्रत्यक्षात शाळा होत्या. कार्नेगी प्रतिष्ठानाने नियम केला, की जी संस्था प्रवेशासाठी चार वर्षांच्या माध्यमिक शिक्षणाची, म्हणजे १४ ‘एककां’ची अट घालील, तीच पात्र. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभर रोज एक तास अध्ययन, सुमारे १२० तास. निवृत्तिवेतन कोणाला नको असते? महाविद्यालयांनी अट घातली, शाळांनी वेळापत्रके बदलली आणि काही वर्षांत देशभरातील माध्यमिक शिक्षण या मापाने मोजले जाऊ लागले. बहिणीच्या तक्त्यात प्रत्येक विषयापुढे ‘१ वर्ष’ असे जे लिहिलेले आहे, त्याचे मूळ प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या तरतुदीत आहे. मुलाला विषय किती समजला हे या मापाने कळत नाही. तो किती तास वर्गात बसला एवढेच कळते. ज्या गोष्टीची मोजणी सोपी, तीच कालांतराने मूल्य होऊन बसते, हा अनुभव आपल्या योजनांतही काही नवा नाही.

येथवरचा इतिहास विषयांचा झाला. ‘उपक्रम’ ही ओळ कोठून आली? ती कथा कमी सुखद आहे.

सामाईक परीक्षा सुरू झाल्यावर पूर्व किनाऱ्यावरील सार्वजनिक शाळांतील हुशार मुले हार्वर्ड, येल, कोलंबिया अशा विद्यापीठांत गुणांच्या बळावर जाऊ लागली. त्यांत पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुलांची संख्या मोठी होती. हार्वर्डमध्ये १९२२ च्या सुमारास हे प्रमाण एकपंचमांशाच्या वर गेले. तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्यावर उघड मर्यादा घालण्याचे सुचवले. वादंग उठले, प्राध्यापकांची समिती बसली आणि तिने १९२३ मध्ये असा कोटा नाकारला. तेव्हा जे दाराने आले नाही, ते खिडकीने आले. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाची संख्या सुमारे १००० वर मर्यादित केली आणि निवडीत ‘चारित्र्य’ व व्यक्तिमत्त्व यांना वजन दिले. अर्जासोबत छायाचित्र आले, वैयक्तिक माहितीचे प्रश्न आले, शिफारसपत्रे आली. नियमात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. तरीही ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द चोझन’ या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या दप्तरांतून हा सारा प्रवास तपशीलवार मांडला आहे. खेळ, नेतृत्व, सर्वांगीण विकास हे शब्द आज आपल्याला निखळ आदर्श वाटतात. प्रवेशाच्या अर्जात त्यांचा शिरकाव मात्र, कोणाला बाहेर ठेवायचे या चिंतेतून झाला.

त्याच १९२६ च्या जूनमध्ये दुसरी एक गोष्ट घडली. एसएटी ही परीक्षा प्रथमच घेण्यात आली; सुमारे ८००० मुले बसली. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम केलेले प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगॅम हे तिचे शिल्पकार. १९२३ मध्ये त्यांनी वंशांवरून बुद्धीची प्रतवारी लावणारे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परंतु परीक्षा राहिली, आणि एका विपरीत अर्थाने तिने न्यायही केला. १९३३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या जेम्स कोनंट यांना, पूर्वेकडील श्रीमंत शाळांबाहेरची, दूरच्या गावांतील बुद्धिमान मुले हवी होती. त्यांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी हेन्री चॉन्सी या सहायक अधिष्ठात्यांनी एसएटीचा उपयोग केला. १९४७ मध्ये परीक्षा घेण्यासाठी स्वतंत्र संस्था, ईटीएस, निघाली आणि चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले. भेदाच्या कल्पनेतून जन्मलेले साधन संधीचे साधन झाले. तर चारित्र्यासारखा उदात्त शब्द भेदाचे साधन झाला. साधनाची जात त्याच्या नावावरून ओळखू नये, हे यातून शिकावे.

१९५० च्या दशकात फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, शाळेतच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करून घेण्याचा प्रयोग सुरू झाला. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने तो हाती घेतला आणि १९५६ मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या. सुमारे बाराशे मुले बसली. हाच आजचा एपी अभ्यासक्रम. हुशार मुलाचे शेवटचे वर्ष वाया जाऊ नये, एवढाच मूळ हेतू. पुढे प्रवेशसमित्या ‘शाळेत उपलब्ध असलेला सर्वांत कठीण अभ्यासक्रम घेतला का?’ असे विचारू लागल्या आणि सोय होती ती शर्यत झाली. गणितात तर ही शर्यत नववीच्याही आधी सुरू होते. बीजगणित एक, भूमिती, बीजगणित दोन, पूर्वकलन आणि कलन अशी पाच वर्षांची साखळी. माध्यमिक शाळेची वर्षे मात्र चार. म्हणजे बारावीत कलन हवे तर बीजगणित आठवीतच हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी समतेच्या हेतूने २०१४ मध्ये आठवीतील बीजगणित काढून नववीत नेले. ऐपतीचे पालक बाहेरून शिकवण्या लावू लागले, इतरांच्या मुलांची वाट अरुंद झाली, आणि २०२४ मध्ये शाळामंडळाने ते परत आणण्याचा निर्णय घेतला. वरच्या टोकाला अर्जाचा नियम तसाच ठेवून खालच्या टोकाचा वर्ग बदलला, की असे होते.

कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठव्यवस्थेने मात्र बरेच काही लेखी ठेवले. १९६० च्या बृहत्-आराखड्यानुसार राज्यातील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशासाठी राज्य विद्यापीठे आणि सर्वांसाठी सामुदायिक महाविद्यालये अशी त्रिस्तरीय रचना झाली. आजही त्या विद्यापीठाच्या अटी छापील आहेत : एकूण १५ वार्षिक विषय, त्यांत इतिहास व समाजशास्त्रे २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, परभाषा २, कला १ आणि ऐच्छिक १. प्रत्येक शाळेचे कोणते वर्ग यांत धरले जातात, याची यादीही जाहीर असते. गुणांची सरासरी दहावी आणि अकरावीच्या वर्गांवरून काढतात. सामान्य पालकाला वाचता येईल असा हा नियम आहे. बहिणीच्या तक्त्यातील पहिल्या सहा ओळी त्यातूनच आल्या आहेत. अर्थात पात्र ठरणे निराळे आणि बर्कली किंवा लॉस एंजेलिसला जागा मिळणे निराळे. त्या दोहोंच्या मध्ये तेथेही समितीचा विवेक असतोच. टेक्सासने १९९७ मध्ये याहून सोपा नियम केला : प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेश. शहरातील शाळा असो वा ओसाड भागातील, टक्का तोच.

लेखी नियम आणि अलेखी विवेक यांचा झगडा अखेरीस न्यायालयात गेला. १९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित राखीव जागा अमान्य केल्या; परंतु न्यायमूर्ती पॉवेल यांनी, अनेक घटकांपैकी एक म्हणून वंशाचा विचार करणारी हार्वर्डची पद्धत आदर्श म्हणून आपल्या निकालपत्राला जोडली. १९२० च्या दशकात ज्यू मुलांना थोपवणारी ‘सर्वांगीण’ निवड पन्नास वर्षांनी समावेशाचे साधन म्हणून गौरवली गेली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दोन खटल्यांत याचा विरोधाभास अधिक ठळक झाला. पदवीपूर्व प्रवेशात अल्पसंख्याक अर्जदारास १५० पैकी २० गुण उघडपणे मिळत. ती पद्धत रद्द झाली. विधी महाविद्यालयात तोच विचार गुणांकाशिवाय, व्यक्तिगत मूल्यमापनात होई, ती टिकली. म्हणजे आकडा लिहिला तर दोष, मनात ठेवला तर विवेक! पुढे २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या प्रकरणांत वंशाचा असा विचारच घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यात पुढे आलेल्या दप्तरावरून दिसले, की आशियाई-अमेरिकन अर्जदारांना अभ्यासात आणि उपक्रमांत उच्च श्रेणी मिळत असूनही ‘व्यक्तिगत’ श्रेणी सरासरीने कमी मिळत असे. हेतुपुरस्सर भेद झाला की नाही, यावर कनिष्ठ न्यायालयांचे मत विद्यापीठाच्या बाजूचे होते. पण शंभर वर्षांपूर्वीचा तोच रकाना, समाज तेवढा वेगळा, हे साम्य नजरेआड करता येत नाही.

हे लिहिताना दुसऱ्यांच्या दप्तरावर बोट ठेवून स्वतः नामानिराळे राहणे बरोबर नाही. सेवेच्या आरंभीच्या काळात, महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात, ग्रामीण गुणवंतांसाठीच्या एका निवासी शाळेच्या निवडसमितीवर मी होतो. लेखी परीक्षेला ८५ गुण, मुलाखतीला १५. लेखीत दुसरा आलेला एक मुलगा अनवाणी आला होता. आम्ही पाच जण टेबलामागे, तो समोर. ‘मोकळ्या वेळात काय करतोस?’ या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “गुरे राखतो.” आम्ही छंद विचारत होतो, त्याने काम सांगितले. त्याच्यानंतर आलेल्या एका कर्मचाऱ्याच्या मुलाने तिकिटे जमवण्याविषयी छान माहिती सांगितली. पहिल्याला ३ मिळाले, दुसऱ्याला १३. अनवाणी मुलगा यादीबाहेर गेला. कोणी पैसे घेतले नव्हते, कोणाचा फोन आला नव्हता. आम्ही पाचही जण प्रामाणिक होतो. त्या निकालपत्रावर माझी सही आहे. पुढच्या वर्षी मुलाखतीचे गुण कमी करण्याचा प्रस्ताव मी पाठवला आणि तो मान्यही झाला. पण त्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून निव्वळ परीक्षा बरी, असे म्हणावे का? आपण भारतात ते करून पाहिले आहे. १८५५ मध्ये सनदी सेवेसाठी खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तेव्हापासून वशिल्यावरचा उपाय म्हणजे लेखी परीक्षा, ही आपली श्रद्धा आहे आणि ती बव्हंशी योग्यच आहे. आजही संघ लोकसेवा आयोगाच्या अंतिम यादीत २०२५ पैकी केवळ २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. विवेकाला जागा आहे, पण कुंपण घालून. मात्र काही तासांच्या एका परीक्षेवर सारे टांगले, की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची वर्षे शिकवणीवर्गांच्या खोल्यांत जातात, हेही आपण कोट्यात पाहतो. अमेरिकेने महासाथीच्या काळात उलट प्रयोग केला. २०२० मध्ये बहुतेक विद्यापीठांनी एसएटी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर ती विचारातूनच काढली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये चाचण्यांच्या गुणांची अट पुन्हा आणली. त्यांचे एक प्रमुख कारण असे, की गुण नसले तर साध्या शाळेतील हुशार मूल ओळखू येत नाही. दुसरीकडे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश-घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी मुलांना खोटे खेळाडू बनवले होते. कधीही न खेळलेल्या खेळाची छायाचित्रेसुद्धा तयार केली होती. परीक्षा असो वा उपक्रम, ज्याच्यापाशी साधने आहेत तो प्रथम पोहोचतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या वाटेवर साधनहीनालाही पोहोचता येते.

आता बहिणीचा तक्ता. तिला मी जे कळवले, ते थोडक्यात असे.

विषयांच्या ओळी नीट भर. त्या लेखी नियमाच्या आहेत आणि शतकभरात फारशा हललेल्या नाहीत. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास आणि एक परभाषा ही पाच दरवर्षी आणि कला एक वर्ष घेतली, तर बहुतेक विद्यापीठांचे दार विषयांच्या अटींमुळे बंद होत नाही. परभाषेची अट दोन वर्षांची असली, तरी तीन-चार वर्षे एकच भाषा शिकणे बरे. एपीच्या यादीत एकही भारतीय भाषा नाही, याचे वाईट वाटून घेऊ नकोस. कठीण वर्ग तिला झेपतील तेवढेच आणि तिला आवडतात त्या विषयांचे घ्या. शाळेच्या समुपदेशकाला दरवर्षी वसंतातच भेटा, कारण वर्गांची निवड तेव्हा होते.

उपक्रमांची ओळ मात्र समितीच्या मनातली आहे, आणि समितीचे मन १९२६ पासून किती वेळा बदलले ते वर आलेच आहे. सामाईक अर्जात उपक्रमांसाठी १० जागा असतात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात २०; पण जागा आहेत म्हणून त्या भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. चार वर्षांनी समितीला काय आवडेल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. शुल्क घेणारा सल्लागारही नाही. जे ठरवता येत नाही, त्यासाठी मुलीची सहा वर्षे खोडू नकोस. तबला ठेवायचा की नाही, हे तिला विचार, अर्जाला नको.

आठवड्याने भाचीचेच उत्तर आले. रोमन लिपीतले, पण मराठीत. “मामा, मराठी शाळा सोडते आहे, पण तिथल्या लहान मुलांना शिकवायला थांबणार आहे. तबला चालू. गणिताचा एक कठीण वर्ग कमी केला. आई थोडी रागावली आहे.”

हे अर्जात कसे लिहावे, असे तिने विचारले नव्हते. मीही सांगितले नाही. अनवाणी आलेल्या त्या मुलाने आपले काम सांगितले तेव्हा ऐकणारे आम्ही कमी पडलो होतो. हिला ऐकणारे बरे भेटोत, एवढीच इच्छा. असो.